कम्प्युटर स्वस्त होईल, पण तो कोणाचा असेल?

गेल्या काही महिन्यांत तीन बातम्या येऊन गेल्या. तुम्ही त्या वाचल्याही असतील, पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कदाचित वाटलं नसेल.

पहिली बातमी रॅमच्या भावाची. एआयच्या डेटा सेंटर्सना मेमरी चिप्सची प्रचंड भूक लागली आहे. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल तिकडे वळवला आणि घरगुती गिऱ्हाइकाची रॅम महागली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रूशियल’ हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. स्वस्त कम्प्युटर म्हणून जगभर नाव असलेल्या रास्पबेरी पायलाही त्याच महिन्यात किमती वाढवाव्या लागल्या.

दुसरी बातमी २०२५ च्या मध्याची. जिओने ‘जिओपीसी’ आणला. टीव्हीला जोडलेल्या सेट टॉप बॉक्सला कीबोर्ड आणि माउस लावायचा आणि महिन्याला साधारण सहाशे रुपये, वर कर, असं भाडं भरून इंटरनेटवरून कम्प्युटर वापरायचा. खरं मशीन कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर, तुमच्या घरी फक्त पडदा.

तिसरी बातमी शाळेची. २०२६-२७ पासून तिसरीपासूनच्या मुलांना एआय आणि कम्प्युटेशनल थिंकिंग शिकवायचं, असं केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जाहीर केलं आहे.

म्हणजे मेमरी महाग होतेय, कम्प्युटर भाड्याने मिळू लागलाय आणि आठ वर्षांच्या मुलाने त्याच्यामागचं तर्कशास्त्र समजून घ्यावं अशी अपेक्षाही आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की एक प्रश्न उरतो. सर्वसामान्य घरातल्या मुलाच्या हातात नेमका कोणता कम्प्युटर पडणार आहे? आणि त्याच्यावर त्याला काय करता येणार आहे?

हा प्रश्न जगाला पहिल्यांदाच पडलेला नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीही मेमरी महाग होती, कम्प्युटर श्रीमंतांचा होता आणि ‘मुलांना हे शिकवलंच पाहिजे’ अशी सरकारची घाई होती. तेव्हा इंग्लंडमध्ये जे घडलं, ते आज पुन्हा पाहण्यासारखं आहे.

रबरी बटणांचा कम्प्युटर

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्याचं सगळ्यात स्वस्त मॉडेल १,५६५ डॉलरचं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये केंब्रिजमधल्या सिंक्लेअर रिसर्च या छोट्या कंपनीने झेडएक्स ८१ नावाचा कम्प्युटर फक्त ६९.९५ पौंडांना बाजारात आणला होता. सुटे भाग घेऊन घरी स्वतः सोल्डरिंग करायची तयारी असेल, तर ४९.९५ पौंड. क्लाइव्ह सिंक्लेअर हे त्या कंपनीचे मालक. वस्तू लहान आणि स्वस्त करत न्यायची, हे त्यांचं वेड. कॅल्क्युलेटर, छोटे टीव्ही असं सगळं करून ते कम्प्युटरकडे वळले होते. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं.

झेडएक्स ८१ ला मेमरी किती होती? एक केबी. जीबी नाही, एमबी नाही, १,०२४ बाइट्स. व्हॉट्सॲपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटोसुद्धा याच्या शंभर पट मोठा असतो. आत मोजून चार मुख्य चिप होत्या. रंग नाही, आवाज नाही. पडद्यावर चित्र उमटवायचं कामही प्रोसेसरलाच करावं लागे, त्यामुळे तुमच्या प्रोग्रॅमसाठी त्याला जेमतेम पाव वेळ उरत असे. तरीही त्या एक केबीत डेव्हिड हॉर्न नावाच्या प्रोग्रॅमरने बुद्धिबळाचा खेळ बसवून दाखवला. त्याच्या प्रोग्रॅमचा आकार होता ६७२ बाइट्स.

पुढच्या वर्षी, २३ एप्रिल १९८२ ला, झेडएक्स स्पेक्ट्रम आला. १६ केबीवाला १२५ पौंडांना आणि ४८ केबीवाला १७५ पौंडांना. काळी छोटी डबी, त्यावर चाळीस रबरी बटणं आणि कोपऱ्यात इंद्रधनुष्याचा पट्टा. आत झेड ८० ए हा ३.५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. स्क्रीन वेगळा घ्यायचा नाही, घरातला टीव्ही चालेल. हार्ड डिस्क नाही, गाण्यांच्या कॅसेट लावायचा टेपरेकॉर्डर चालेल. प्रोग्रॅम कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठायचा आणि तो पुन्हा लोड व्हायला चार-पाच मिनिटं लागायची. तेवढा वेळ घरभर किर्र आवाज.

आता गंमत बघा. टीव्हीला जोडायचा स्वस्त कम्प्युटर ही कल्पना १९८२ चीही आहे आणि जिओपीसीचीही. दोन्हींचा हिशोब एकच, की घरात पडदा आधीच आहे, त्याचे पैसे कशाला घ्यायचे? फरक कुठे आहे, तिकडे आपण येणारच आहोत.

महाग मेमरीवरचा उपाय

आधी मेमरीचा मुद्दा. स्पेक्ट्रमच्या इंजिनीअर मंडळींनी महागाईवर काय काय युक्त्या केल्या, ते आजच्या रॅमटंचाईत जास्तच मजेशीर वाटतं.

४८ केबीपैकी वरच्या ३२ केबीसाठी सिंक्लेअरने चक्क अर्ध्या बिघडलेल्या चिप वापरल्या. ६४ किलोबिटच्या ज्या चिप कारखान्यात तपासणीत नापास व्हायच्या, त्यांचा निम्मा भाग अनेकदा ठणठणीत असायचा. अशा चिप स्वस्तात मिळायच्या. त्या घ्यायच्या, कोणती बाजू चालू आहे ते पाहायचं आणि बोर्डावर तशी जोडणी करायची. आपल्याकडे मंडईत डागाळलेली फळं स्वस्तात घेऊन चांगला भाग कापून घेतात ना, तसंच.

दुसरी युक्ती रंगांची. पडद्यावर २५६ बाय १९२ म्हणजे ४९,१५२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग द्यायचा, तर २४ केबी मेमरी फक्त चित्रातच गेली असती, म्हणजे अख्ख्या मशीनची निम्मी. मग रिचर्ड ऑल्टवॉसर या हार्डवेअर डिझायनरने मधला मार्ग काढला. पडद्याचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि एका चौकोनात दोनच रंग ठेवायचे. एवढ्याने चित्राचा खर्च ६,९१२ बाइट्सवर आला. रांगोळीच्या ठिपक्यांसारखा कागद डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हे लगेच कळेल. याची किंमतही मोजावी लागली. गेममधला माणूस झाडासमोरून गेला की झाडाचा रंग त्याला लागायचा. पण त्यावरही पोरांनी तोडगे काढले. कोणी पात्रं एकाच रंगात रंगवली, कोणी चौकोनांच्या हिशोबानेच चित्रं बेतली.

तिसरी युक्ती कीबोर्डची. स्पेक्ट्रमवर ‘प्रिंट’ हा शब्द टाइप करावा लागत नसे. ओळीच्या सुरुवातीला ‘पी’ दाबलं की अख्खा शब्द उमटायचा आणि मेमरीत तो एकाच बाइटमध्ये साठायचा. त्यामुळे जागा वाचली आणि टाइप करण्याच्या चुकाही कमी झाल्या.

आज तुमच्या सहा जीबी रॅमच्या फोनमध्ये स्पेक्ट्रमच्या एक लाख तीस हजार पट मेमरी आहे. तरी तो ‘स्लो झालाय’ म्हणून आपण कुरकुरतो. मेमरी स्वस्त होत गेली तसं सॉफ्टवेअर सैल होत गेलं. आता चिप महागल्यावर काटकसर पुन्हा शिकावी लागेल. कमी साधनांत बसणारा प्रोग्रॅम लिहिता येणं, हे येत्या काळात जुनाट नाही तर मागणी असलेलं कौशल्य ठरू शकतं.

चालू केल्यावर समोर काय येतं?

पण स्पेक्ट्रमचं खरं वैशिष्ट्य ना मेमरीत होतं ना रंगांत. वायर लावली, वीज सुरू केली की एखाद-दोन सेकंदांत पडद्यावर कंपनीचं नाव यायचं. एक बटण दाबलं की ते जायचं आणि रिकामी ओळ समोर यायची. ना ॲप स्टोअर, ना लॉगइन, ना ‘अटी मान्य आहेत का’. मशीन गप्प बसून तुमची वाट बघायचं.

तुम्ही ‘बॉर्डर २’ लिहिलं की पडद्याची कड लाल व्हायची. ‘बीप’ लिहून दोन आकडे दिले की सूर वाजायचा. ‘१० प्रिंट’ करून स्वतःचं नाव आणि ‘२० गो टू १०’ असं लिहिलं की नाव पडद्यावर धावत सुटायचं. दोन ओळी, आणि आठ-दहा वर्षांच्या पोराने मशीनला कामाला लावलेलं असायचं. ही सगळी भाषा, बेसिक, १६ केबीच्या रॉममध्ये आधीच भरलेली होती. स्टीव्हन व्हिकर्स यांनी ती लिहिली. मशीनसोबत आलेलं त्यांचं मॅन्युअल म्हणजे ‘बटण कुठे आहे’ सांगणारं पत्रक नव्हतं, प्रोग्रॅमिंगचं सरळ पाठ्यपुस्तक होतं.

थोडक्यात, वापरणारा आणि बनवणारा यांच्यामध्ये भिंत नव्हती. गेम खेळायचा असेल तरी आधी लोड करण्याची आज्ञा तुम्हालाच द्यावी लागे. म्हणजे गेम खेळणारासुद्धा रोज त्या रिकाम्या ओळीसमोरूनच जायचा.

नुसतं स्वस्त असून भागलं नाही

इथे थोडं थांबूया, कारण या काळाबद्दल जरा जास्तच गोड गोड लिहिलं जातं. स्पेक्ट्रम घेतलेल्या सगळ्या मुलांनी प्रोग्रॅमिंग केलं, असं मुळीच नाही. बहुतेकांनी गेमच खेळले. ‘अभ्यासासाठी’ म्हणून आईबाबांकडून घेतलेल्या वस्तूचं काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तो कम्प्युटरही साधारणपणे मुलग्यांसाठीच म्हणून विकला गेला, जाहिराती तशाच होत्या. अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांमध्ये मुलींचं प्रमाण १९८४ च्या सुमारास ३७ टक्क्यांपर्यंत गेलं होतं. नंतर ते घसरत गेलं. घरचा कम्प्युटर ‘मुलांचं खेळणं’ झाला, हे त्यामागच्या कारणांपैकी एक मानलं जातं.

आणि मशीन स्वस्त झालं एवढ्यानेही काम झालं नाही. त्याच सुमारास बीबीसीने कम्प्युटर साक्षरतेचा मोठा प्रकल्प हाती घेतला होता. एकॉर्न कंपनीकडून ‘बीबीसी मायक्रो’ हा मजबूत कम्प्युटर बनवून घेतला आणि जानेवारी १९८२ पासून टीव्हीवर शिकवणारी मालिकाच सुरू केली. सरकारने शाळांना कम्प्युटर घेण्यासाठी निम्मी रक्कम दिली. दुकानांत मासिकं यायची, त्यांत अख्खे प्रोग्रॅम छापलेले असत. मुलं ते ओळीओळीने टाइप करायची. एक स्वल्पविराम चुकला की प्रोग्रॅम अडायचा आणि चूक शोधता शोधता तो समजायचाही.

अशा वातावरणातून काय निघालं? मॅथ्यू स्मिथ नावाच्या १७ वर्षांच्या मुलाने १९८३ मध्ये स्पेक्ट्रमसाठी ‘मॅनिक मायनर’ हा गेम लिहिला आणि तो तुफान चालला. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी १९८४ मध्ये बीबीसी मायक्रोसाठी ‘एलिट’ लिहिला. त्यात आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ तारे होते. एवढे तारे मेमरीत साठवणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी ते गणिताच्या सूत्रातून त्या त्या क्षणी तयार केले.

तुमच्या खिशातला वारसा

तुम्ही म्हणाल, हे सगळं इतिहासात ठीक आहे, आमचा काय संबंध? मग खिशातला फोन काढा.

बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीला पुढच्या मशीनसाठी पसंत पडेल असा प्रोसेसर मिळेना. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी मग स्वतःच एक साधा, कमी वीज खाणारा प्रोसेसर तयार केला. १९८५ मध्ये तो चालू झाला. त्याचं नाव ‘आर्म’. आज जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनचा प्रोसेसर आर्मच्याच रचनेवर चालतो.

अँड्रॉइडच्या पोटात असलेला लिनक्स लिहिणारे लिनस टोर्वाल्ड्स फिनलंडचे. आजोबांच्या कमोडोर व्हिक २० या पाच केबीच्या स्वस्त कम्प्युटरवर ते प्रोग्रॅमिंग शिकले आणि पुढे त्यांनी घेतलेलं मशीन होतं सिंक्लेअरचंच, ‘क्यूएल’ नावाचं.

म्हणजे फोनची चिप स्वस्त शालेय कम्प्युटरच्या कंपनीतून आली आणि त्याच्या सिस्टिमचा गाभा स्वस्त घरगुती कम्प्युटरवर शिकलेल्या मुलाकडून आला. पण तोच फोन चालू केल्यावर तुमच्यासमोर रिकामी ओळ येत नाही, आयकॉन येतात. ज्या शिडीने ते वर चढले, ती शिडी त्या फोनमध्ये दिसेल अशा जागी ठेवलेलीच नाही.

हे बोचणारे लोक इंग्लंडमध्येही होते. केंब्रिजमध्ये संगणकशास्त्र शिकायला येणारी मुलं कमी होत आहेत आणि येणाऱ्यांनी आधी स्वतः काही केलेलं नसतं, हे एबेन अप्टन यांच्या लक्षात आलं. ते स्वतः बीबीसी मायक्रोवर वाढलेले. त्यांनी काही जणांना, त्यात ‘एलिट’वाले ब्रेबनही होते, सोबत घेतलं आणि २९ फेब्रुवारी २०१२ ला रास्पबेरी पाय बाजारात आला. किंमत ३५ डॉलर. टीव्हीला जोडा, कीबोर्ड लावा आणि करा सुरुवात. १९८२ चीच कल्पना, तीस वर्षांनी.

आपल्याकडे काय झालं?

भारतात हे वारं आलंच नाही असं नाही. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ हा कम्प्युटर साक्षरता प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी चक्क बीबीसी मायक्रो आणले. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती काढली. पण शाळेत कम्प्युटर पोहोचला, तरी त्यामागे टीव्ही मालिका, गावोगावची मासिकं, घरातलं मशीन ही साखळी आपल्याकडे तशी उभी राहिली नाही. कम्प्युटर एका बंद खोलीत राहिला, चपला बाहेर काढून आत जायचं आणि आठवड्यातून एकदा बघायचा.

पुढे महाराष्ट्रात एमएस-सीआयटी घराघरांत पोहोचलं. सरकारी नोकरीसाठी ते लागायचं, त्यामुळे लाखो लोकांनी माउस हातात धरला. ही मोठीच गोष्ट होती. पण त्यातून आपल्या डोक्यात ‘कम्प्युटर येतो’ म्हणजे ‘तयार सॉफ्टवेअर वापरता येतं’ हा अर्थ पक्का बसला.

२०११ मध्ये ‘आकाश’ टॅब्लेट आला. जगातला सर्वांत स्वस्त टॅब्लेट म्हणून गाजावाजा झाला. सरकारला तो सव्वादोन हजारांच्या आसपास पडत होता. २५६ एमबी रॅम, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, जोरात दाबावा लागणारा टचस्क्रीन. आकडे बघाल तर स्पेक्ट्रमपेक्षा हजारो पट ताकद. मग तो का रुजला नाही? कारण नुसती किंमत ठरवून मागे बाकीचं मशीन बसवलं गेलं. मुलाने त्यावर काय करायचं, शिक्षकाने काय शिकवायचं, बिघडला तर कोणाकडे न्यायचा, याची उत्तरं तयार नव्हती.

आयातीच्या धोरणाचाही यात हात असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट घातली, ओरड झाल्यावर ती सौम्य केली. देशात उत्पादन व्हावं हा हेतू चांगलाच. पण तोवर विद्यार्थ्याने काय करायचं? या बाबतीत १९८० च्या दशकातल्या युगोस्लाव्हियाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिथे बाहेरचे कम्प्युटर आणायला कडक बंधनं होती. वोया अंतोनिच या इंजिनीअरने मग ‘गालाक्सिया’ नावाचा घरी जुळवता येईल असा साधा कम्प्युटर तयार केला आणि त्याचा सगळा आराखडा १९८३ च्या अखेरीस मासिकात छापून टाकला. हजारो लोकांनी सुटे भाग मागवून तो बनवला. बेलग्रेडच्या रेडिओवरून तर प्रोग्रॅम प्रसारित व्हायचे, लोक ते कॅसेटवर रेकॉर्ड करून घ्यायचे. बंदी आली तरी आराखडा खुला होता, म्हणून शिकणं थांबलं नाही.

आजचे आकडे

आता आपली आजची स्थिती बघा. ‘असर २०२४’ या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला आणि ८२ टक्क्यांना तो वापरता येत होता. पण मागच्या आठवडाभरात अभ्यासाशी संबंधित काही कामासाठी तो वापरणारे होते ५७ टक्के आणि सोशल मीडियासाठी वापरणारे ७६ टक्के. ज्यांना फोन वापरता येतो, त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के, तर मुली फक्त २७ टक्के. १९८० चं ‘मुलांचं खेळणं’ अजून संपलेलं नाही.

शाळांचं काय? ‘यूडायस प्लस’च्या २०२३-२४ च्या आकडेवारीनुसार देशातल्या ५७ टक्के शाळांमध्येच चालू कम्प्युटर होते आणि इंटरनेट साधारण ५४ टक्के शाळांत. याच शाळांमध्ये आता तिसरीपासून एआय शिकवायचं आहे. मशीनच नसेल तर मुलं एआयची व्याख्या पाठ करतील आणि पाच मार्कांचं उत्तर लिहितील. हे आपल्याला काही नवीन नाही.

मालकी की भाडं?

आता जिओपीसीकडे परत येऊ. त्याला सरळ नावं ठेवणं सोपं आहे, पण योग्य नाही. साधा लॅपटॉप घ्यायचा म्हटलं तरी पंचवीस-तीस हजार एकदम काढावे लागतात. ज्या घरात ते शक्य नाही, तिथे महिन्याला सहाशे रुपयांत मोठ्या पडद्यावर असाइनमेंट लिहिता येणं, बायोडेटा बनवता येणं ही खरी सोय आहे. फोनवर बोटाने प्रोजेक्ट टाइप केलेल्या कोणालाही विचारा.

पण हिशोब पूर्ण मांडा. सहाशे रुपयांप्रमाणे वर्षाचे ७,२०० आणि पाच वर्षांचे ३६,००० होतात, कर आणि ब्रॉडबँड वेगळं. पाच वर्षांनी तुमच्या हातात काय उरतं? काहीच नाही. एक हप्ता चुकला, नेट गेलं, कंपनीने योजना बदलली, की कम्प्युटर गेला. स्पेक्ट्रम उघडून आत बघता यायचं, बिघडवता यायचं, पुन्हा दुरुस्त करता यायचं. वीज असेपर्यंत तो तुमचाच होता. दूरच्या सर्व्हरवरच्या मशीनला तुम्ही स्क्रू ड्रायव्हर लावू शकत नाही आणि त्यावर काय चालेल, काय नाही, हे ठरवणाराही दुसराच असतो.

यावर एक युक्तिवाद नक्की येईल, ‘आता एआयच कोड लिहून देतो, मग मुलांनी कशाला शिकायचं?’ एआय कोड देतो हे खरंच आहे. पण तो बरोबर आहे का, हे कोण ठरवणार? मासिकातला प्रोग्रॅम टाइप करून त्यातली चूक शोधणारा मुलगा जे शिकत होता, तेच आज जास्त लागणार आहे. तयार मिळालेल्या गोष्टीत खोट कुठे आहे हे ओळखायला हातून थोडं तरी काम झालेलं असावं लागतं. तेही भाड्याच्या सेवेचं मीटर चालू नसताना, चुकायची मोकळीक असताना.

मागायचं काय?

स्पेक्ट्रमसारखं मशीन पुन्हा येणार नाही आणि यायची गरजही नाही. पण त्याच्यातल्या तीन गोष्टी आजही मागता येतात. मशीन विद्यार्थ्याच्या मालकीचं असावं. ते उघडल्यावर काही तरी करून बघायला सोपी, मोकळी जागा मिळावी. आणि त्यासोबत शिकायचं साहित्य असावं, आपल्याकडे म्हणजे मराठीतही असावं.

यातलं काही आजही शक्य आहे. घरात किंवा ऑफिसात धूळ खात पडलेला आठ-दहा वर्षं जुना पीसी लिनक्स टाकला की बहुतेक वेळा पुन्हा चालतो. एक जीबीचा रास्पबेरी पाय ५ महागाईतही ४५ डॉलरला, म्हणजे कर सोडून चार हजारांच्या आसपास, जाहीर झालेला आहे. टीव्ही घरात असतोच. काहीच नसेल तर अँड्रॉइड फोनवर पायथन चालवणारी मोफत ॲप्स आहेत. साधा कीबोर्ड जोडला की दोन ओळींचा पहिला प्रोग्रॅम आज संध्याकाळीही लिहून होतो.

पण हे सगळं एकेकट्याने करण्यावर सोडून चालणार नाही. इंग्लंडमध्ये स्वस्त मशीनच्या मागे सरकार, टीव्ही, मासिकं, शाळा अशी सगळी फळी उभी होती. म्हणून तुमच्या शाळेत, कॉलेजात एक साधी चौकशी करा. लॅबमधल्या कम्प्युटरवर अभ्यासक्रमाबाहेरचा स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला देतात का? लॅब कॉलेज सुटल्यावर तासभर उघडी राहते का? मुलींनाही तितकाच वेळ तिथे बसता येतं का? नवीन मशीन घेताना, जुनी मोडीत काढण्याआधी, ती विद्यार्थ्यांना उघडून बघायला मिळतील का? ग्रामपंचायतीच्या वाचनालयात एक जोडलेला पीसी बसवता येईल का?

तिसरीतल्या मुलाला एआय शिकवायला निघालेल्या व्यवस्थेने या प्रश्नांची उत्तरं द्यायला हरकत नसावी. उत्तर ‘नाही’ आलं, तर ते लेखी मागून घ्या आणि पुढच्या पालकसभेत किंवा ग्रामसभेत वाचून दाखवा.